सात हजारांचा बोर्ड, साडेसोळा हजारांचा संगणक

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. संगणक कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांनी ९०,००० रुपये जमवून दिले आहेत आणि त्यांत सहा संगणक बसवायचे आहेत. आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी टंकलेखन, प्रोग्रामिंगसाठी स्क्रॅच आणि थोडे पायथॉन, इंटरनेटवर माहिती शोधणे आणि सादरीकरण तयार करणे एवढे शिकवायचे आहे. काही मुले पुढे संगणक टंकलेखनाच्या परीक्षेला बसतील. एक माजी विद्यार्थी म्हणतो की रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला संगणक, घ्या. ४ जीबीचा बोर्ड ७,४०० रुपयांना आणि ८ जीबीचा १०,००० रुपयांना मिळतो, शिवाय वीज नाममात्र लागते. तालुक्याच्या एका दुकानदाराने ‘नवा कोरा कोअर आय५, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी, मॉनिटरसह १३,९९९’ असे कोटेशन दिले आहे. सोलापुरातील दुसरा विक्रेता कंपन्यांतून आलेले, प्रोसेसरच्या सहाव्या पिढीचे रिफर्बिश्ड (वापरलेले, पण तपासून-दुरुस्त केलेले) डेस्कटॉप १०,५०० रुपयांना आणि त्याच पिढीचे जाडजूड पुस्तकाएवढे छोटे संगणक १२,००० रुपयांना, सहा महिन्यांच्या हमीवर, द्यायला तयार आहे. दोन्हींत ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आहे. शाळेत चार जुने मॉनिटर चालू स्थितीत आहेत. दुपारी बहुधा दोन तास वीज जाते. १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. यांतले खरोखर स्वस्त काय पडेल?

उत्तर : नमस्कार मॅडम,

आपल्या पत्रातले तिन्ही भाव तीन वेगळ्या वस्तूंचे आहेत, म्हणून ते एकाखाली एक मांडून तुलना होत नाही. पहिला भाव नुसत्या पाटीचा आहे, दुसरा मॉनिटरसह अख्ख्या संचाचा आणि तिसरा मॉनिटर, कळफलक आणि माउस सोडून बाकीच्याचा. मुलाने खुर्चीवर बसून बटण दाबावे आणि समोर पडदा उजळावा, इथपर्यंत पोचायला एका आसनामागे किती रुपये लागतात, हाच आकडा तिघांसाठी काढायला हवा. तो काढल्यावर माझा सल्ला असा ठरतो की पाच छोटे रिफर्बिश्ड संगणक आणि एक रास्पबेरी पाय घ्यावा, आणि १३,९९९ चे कोटेशन आभार मानून परत करावे. त्यामागचा हिशेब सविस्तर देतो, कारण माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत हा प्रश्न आपल्याला पुन्हा विचारला जाणारच आहे.

सुरुवात बोर्डापासून करू. इंग्लंडमधल्या केंब्रिजमधून २०१२ च्या फेब्रुवारीत पहिला रास्पबेरी पाय आला तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती आणि तोच आकडा अजून लोकांच्या डोक्यात घर करून आहे. पाय ५ हे मॉडेल २०२३ मध्ये आले ते ४ जीबीसाठी ६० आणि ८ जीबीसाठी ८० डॉलरला. मेमरीच्या चिप महागल्यामुळे २०२५ च्या डिसेंबरात त्यातल्या ८ जीबीच्या बोर्डाची किंमत ९५ डॉलरवर गेली. हे परदेशातले मूळ भाव झाले. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यांत वाहतूक, १८ टक्के जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा मिळतो. आपल्या माजी विद्यार्थ्याने सांगितलेला भाव त्यामुळे चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे.

त्या ७,४०० रुपयांत हाती येते ती पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी. तिला चालवायला २७ वॅटचा खास अ‍ॅडॉप्टर लागतो, तो सुमारे १,३०० रुपयांचा. घरातला मोबाइलचा चार्जर चालेल, असे कोणी म्हटले तर ऐकू नये. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतात, तर मोबाइलचे बहुतेक जलद चार्जर जास्त वीज देतात ती व्होल्टेज ९ किंवा त्याहून वर नेऊन. ५ व्होल्टवर ते ३ अँपिअरलाच थांबतात. अशा चार्जरवर बोर्ड सुरू होतो खरा, पण यूएसबीला जोडलेल्या उपकरणांचा पुरवठा तो स्वतःच आखडता घेतो, आणि मग बाहेरून लावलेली डिस्क मध्येच गायब का होते, याचा शोध आपण चार दिवस घेत बसतो. पंख्यासह उष्णताशोषक ५५० रुपयांचा; सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो ऐच्छिक समजू नये, कारण चिपचे तापमान ८० अंशांपलीकडे चढले की बोर्ड आपला वेग आपणच कमी करतो. डबी ९०० रुपयांची, ६४ जीबीचे बऱ्या प्रतीचे मेमरी कार्ड ७०० रुपयांचे. पडद्यासाठीचा सॉकेट नेहमीचा एचडीएमआय नसून मायक्रो एचडीएमआय आहे, तेव्हा ती वायर आणखी ५०० रुपयांची. बेरीज झाली ११,३५०. सुट्या भागांचे हे भाव मी अंदाजाने धरले आहेत आणि ते दुकानागणिक शंभर-दोनशेने हलतील, पण बेरीज फारशी हलणार नाही.

अजूनही ही तुलना सारखी नाही. रिफर्बिश्ड संगणकात ८ जीबी मेमरी आणि एसएसडी आहे; इथे आपण ४ जीबी आणि कार्ड धरले. कार्डावर चालणारा संगणक मुलांच्या हातात तितकासा सुखाचा नसतो. ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की तो रेंगाळतो, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरची फाइल व्यवस्था बिघडण्याची शक्यता असते. एसएसडी लावायची तर त्यासाठीची एम.२ ची जोडपाटी आणि २५६ जीबीची डिस्क मिळून ३,२५० रुपये धरा. म्हणजे ८ जीबीचा बोर्ड १०,०००, अ‍ॅडॉप्टर, पंखा, डबी आणि वायर मिळून ३,२५०, आणि ही डिस्क ३,२५० अशी बेरीज बरोबर १६,५०० वर येते. समोर १२,००० रुपयांचा, तेवढ्याच मेमरीचा, तशाच डिस्कचा आणि प्रत्यक्षात जास्त वेगवान असा संगणक उभा आहे. मॉनिटर, कळफलक आणि माउस दोन्हीकडे वेगळेच घ्यायचे असल्याने ते मी दोन्हीकडून वगळले आहेत.

पाय ५ मध्ये ३.५ मिलिमीटरचा हेडफोनचा सॉकेटही नाही. आधीच्या मॉडेलवर तो होता, या मॉडेलवरून काढून टाकला. म्हणजे आवाज हवा तर यूएसबीचा स्पीकर किंवा हेडफोन घ्यावा लागतो, किंवा मॉनिटरमधून आवाज काढावा लागतो. आपले जुने मॉनिटर केवळ व्हीजीएचे असतील, तसे त्या काळातले बहुतेक असतातच, तर त्यांना स्पीकर नसणार आणि एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टरही लागणार. तो साधारण ४५० रुपयांना मिळतो. मॉनिटरच्या मागे निळ्या रंगाचा, पंधरा छिद्रांचा, बाजूला दोन स्क्रू असलेला सॉकेट एवढाच दिसला, तर तो व्हीजीए. आज संध्याकाळीच पाहून ठेवा. उलट न्यायाने छोट्या संगणकाच्या खात्यात एक खर्च लिहायला हवा : पायमध्ये वायफाय अंगचे असते, तर कंपन्यांतून आलेल्या अनेक यंत्रांत ते नसते, कारण तिथे सगळे काम वायरीने चालते. यूएसबी वायफायचे ५०० रुपये त्यासाठी धरून ठेवावेत.

आता १३,९९९ चे कोटेशन. त्यात ‘कोअर आय५’ हे शब्द ठळक आहेत, मात्र त्यापुढचा आकडा नाही, आणि सगळी मेख त्या आकड्यात आहे. इंटेलच्या त्या काळातल्या चार अंकी क्रमांकात पहिला अंक पिढीचा असतो. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय५-६५०० म्हणजे सहावी, २०१५ ची. आय५-८५०० म्हणजे आठवी, २०१८ ची. या भावात मॉनिटरसह मिळणारे ‘नवे कोरे’ आय५ बहुतांशी तिसऱ्या पिढीचे असतात. त्यातला प्रोसेसर जुन्या यंत्रातून काढलेला, आणि तो ज्या एच६१ जातीच्या मदरबोर्डावर बसवतात ती जात २०११ मधली, फक्त बोर्ड नव्याने छापलेला. पेटी, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) आणि मॉनिटर नवे असल्याने यंत्र दिसते चकचकीत. हे विकणे बेकायदा नाही आणि दुकानदार खोटेही बोलत नाही. पण सोलापूरचा विक्रेता जुने म्हणून जे देतो आहे, ते या नव्यापेक्षा तीन पिढ्या पुढचे आहे. आपल्याला खातरजमा करायची असल्यास कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा. तो लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालेच.

रिफर्बिश्ड या शब्दाला बैठकीत कोणीतरी नाक मुरडेल, म्हणून त्या मालाविषयी सांगतो. बँका, कॉल सेंटर आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या तीन ते पाच वर्षांनी आपले संगणक एकगठ्ठा बदलतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क आणि लेनोव्हो थिंकसेंटर ही कार्यालयीन वापराची यंत्रे याच मार्गाने बाजारात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा मालाचे ढीग दिसतात आणि तिथून तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचतो. सलग चालावे म्हणून बांधलेली ही यंत्रे असतात. त्यांच्यात आधी दम तोडतात ते पंखा, डिस्क आणि सीआर२०३२ ची ती नाण्यासारखी बॅटरी. मेमरी महाग झालेल्या दिवसांत त्यांना आणखी एक फायदा झाला आहे : त्यांच्या पोटातली ८ जीबी मेमरी स्वस्ताईच्या काळात भरलेली आहे, तर नव्या बोर्डावर आज सोल्डर होणारी मेमरी आजच्या भावाची. पुढे पैसे हाती आले तर डेस्कटॉपची मेमरी वाढवता येते. पायची कधीच येत नाही.

विजेचा मुद्दा आपल्या माजी विद्यार्थ्याने बरोबर मांडला आहे, फक्त तो रुपयांत उतरवून पाहायला हवा. हलक्या कामात पाय ५ साधारण ६ वॅट घेतो, छोटा संगणक १८ च्या आसपास आणि मोठ्या पेटीचा डेस्कटॉप ३२ च्या आसपास. शाळा वर्षाला २२० दिवस आणि कक्ष रोज सहा तास चालतो असे धरू, म्हणजे १,३२० तास झाले. पाय आणि छोटा संगणक यांच्यातला १२ वॅटचा फरक वर्षाला सुमारे १६ युनिट भरतो. युनिटला १० रुपये धरले तर १६० रुपये. मोठ्या डेस्कटॉपशी तुलना केली तर फरक ३४ युनिटचा, म्हणजे ३४० रुपयांचा. खरेदीतला साडेचार हजारांचा फरक १६० रुपयांच्या वार्षिक बचतीतून भरून निघायला २८ वर्षे लागतील. तोवर आज आठवीत असलेल्या मुलांची मुले आपल्या शाळेत येऊन गेलेली असतील.

इन्व्हर्टरचे गणित मात्र वेगळे करावे लागते, कारण तिथे प्रश्न पैशांचा नसून तासांचा आहे. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. बॅटरीचे वय आणि इन्व्हर्टरमधली घट धरून मी १,००० च हिशेबात घेतो. मॉनिटरलाही १८ वॅट लागतात, आणि हे नेमके विसरले जाते. सहा पाय मॉनिटरसह १४४ वॅट घेतील आणि सात तास चालतील, सहा छोटे संगणक २१६ वॅट घेऊन साडेचार तास, आणि सहा मोठे डेस्कटॉप ३०० वॅट घेऊन सव्वातीन तास. आपल्याकडे वीज दोन तास जाते. म्हणजे तिन्ही पर्याय तरतात. तरी मी दीड हजार जास्त देऊन मोठ्या पेटीऐवजी छोटा संगणक घ्या म्हणतो, त्यामागे एक कारण हे की बॅटरी दरवर्षी थोडी थोडी थकत जाणार आहे. शिवाय छोटे यंत्र मॉनिटरच्या मागे बांधून टाकता येते आणि बाकावर वही ठेवायला जागा उरते. छोटा संगणक निवडताना प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘टी’ हे अक्षर आहे का, ते पाहावे. आय५-६५००टी हा ३५ वॅटच्या मर्यादेत चालण्यासाठी बनवलेला आहे, तर साधा आय५-६५०० हा ६५ वॅटचा.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही. शाळेच्या वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३,२०० किंवा १,६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट जळले की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. सुट्टीच्या दिवशी बाकी सगळे बंद करून एकच संगणक मॉनिटरसह चालू ठेवावा आणि पंधरा मिनिटांतल्या लुकलुकी मोजाव्यात. ३,२०० च्या मीटरवर २८-२९ भरल्या तर भार ३६ वॅटचा. विज्ञानाच्या तासाला मुलांकडूनच करून घेता येईल असा हा प्रयोग आहे.

खर्चापेक्षा अधिक निर्णायक ठरणारी बाब सॉफ्टवेअरची आहे. पायचा प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा, म्हणजे एआरएमचा आहे; त्यावर विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम सरळ चालत नाहीत. लिब्रेऑफिस, स्क्रॅच, पायथॉन, ब्राउझर, लहान मुलांसाठीचे जीकॉम्प्रिस हे सगळे त्यावर उत्तम चालते आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही आयता मिळतो. पण बाजारातली टंकलेखन सरावाची सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारखी मराठी छपाईची साधने विंडोजची आहेत. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ज्या वातावरणात परीक्षा द्यायची, त्यातच सराव हवा. केवळ या एका कारणासाठीसुद्धा सहाच्या सहा पाय घेऊ नयेत असे मी म्हटले असते.

रिफर्बिश्ड संगणकांतही विंडोजचा एक पेच आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. सहाव्या पिढीची यंत्रे एवढी स्वस्त झाली आहेत त्याचे हे मोठे कारण. विक्रेता ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणेल. आडवाटेने ते पडतेही, पण पुढच्या अद्ययावतीकरणांची हमी राहत नाही. आपण चार यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवून घ्यावी, जी फुकट आहे आणि या यंत्रांवर झरझर चालते. पाचव्यावर मूळ परवान्याचे विंडोज १० तसेच ठेवून ते यंत्र इंटरनेटला न जोडता फक्त टंकलेखनाच्या सरावासाठी राखावे. सातशे-आठशे रुपयांत ‘आयुष्यभराचा परवाना’ विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये. शाळेच्या डेडस्टॉक नोंदवहीत ज्याचे रीतसर बिल लावता येत नाही, ते शाळेत आणूच नये.

एवढे सगळे म्हणूनही एक पाय घ्याच, असे मी सांगतो आहे, आणि ते माजी विद्यार्थ्याचे मन राखण्यासाठी नव्हे. आपण विज्ञान शिकवता. पायवर ४० पिनांची एक दुहेरी रांग उघडी असते. तिला तापमान मोजणारा सेन्सर, दिवा, छोटी मोटर किंवा जमिनीतला ओलावा मोजणारी पट्टी जोडून मुलांना पायथॉनच्या चार ओळींत ही साधने चालवता येतात. डेस्कटॉपला अशी पिनांची रांग नसते. दुसरे काम त्याहून मोठे आहे. किविक्स नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्यावर बसवले, तर मराठी विकिपीडिया त्याच्या पोटात साठवून इंटरनेट नसतानाही बाकीच्या पाच संगणकांना पुरवता येतो. असे पुरवठ्याचे यंत्र दिवसरात्र चालू ठेवायचे असते आणि तिथे पायची काटकसर खरोखर दिसते : ५ वॅटने वर्षाला ४४ युनिट, म्हणजे ४४० रुपये, तेच काम ३० वॅटच्या जुन्या डेस्कटॉपला दिले तर २६३ युनिट, म्हणजे २,६३० रुपये. चोवीस तास चालणाऱ्या कामाला बोर्ड आणि सहा तास माणसांनी वापरायला डेस्कटॉप, अशी वाटणी या भावांना योग्य बसते. या कामासाठी ४ जीबी आणि कार्ड पुरते, म्हणून पायचे ११,३५० रुपयेच धरावेत. कार्डाची एक प्रत करून कपाटात ठेवावी. मुलांनी काही बिघडवले तर ती घातली की पाच मिनिटांत यंत्र पूर्ववत होते. हा गुण डेस्कटॉपमध्ये इतक्या सोप्या रीतीने मिळत नाही.

खरेदी करताना नावाचा घोटाळा होऊ देऊ नये. चार-पाचशे रुपयांना ‘रास्पबेरी पाय’ मिळाला असे कोणी सांगितले, तर तो पिको असणार. तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणे नियंत्रित करणारी छोटी चिप आहे, त्याला पडदा-कळफलक जोडून काम करायचा संगणक तो नव्हे. ऑरेंज पाय आणि रॅडक्सा यांचे बोर्ड कागदावर अधिक दमदार दिसतात, मात्र अडचण आली की उत्तर शोधणे अवघड जाते, आणि शाळेत उत्तर शोधणाऱ्या आपण एकट्याच असणार. इंटेल एन१०० प्रोसेसरचे नवे मिनी पीसी वीज कमी खातात, विंडोज ११ चालवतात आणि माझ्या मते एका घरासाठी आज सर्वांत शहाणी खरेदी आहेत. सहा आसनांच्या आपल्या रकमेत मात्र ते बसत नाहीत.

आता रक्कम मांडू. पाच छोटे संगणक ६०,०००. एक पाय, सगळ्या जोडणीसह, ११,३५०. दोन रिफर्बिश्ड मॉनिटर प्रत्येकी ३,००० प्रमाणे ६,०००; यातला एक तरी एचडीएमआयचा पाहून घ्यावा म्हणजे पायला कन्व्हर्टर लागणार नाही. सहा कळफलक-माउस ६५० प्रमाणे ३,९००. जुन्या चार मॉनिटरांसाठी कन्व्हर्टर १,८००. छोट्या संगणकांना व्हीजीए असेल तर हे वाचतील, काहींना फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी मागची बाजू पाहावी. वायफाय पाच नग २,५००. एकूण ८५,५५०, शिल्लक ४,४५०. सहाच्या सहा पाय घेतले असते, तेही ४ जीबी आणि कार्डावरचे, तर यूएसबी स्पीकरांसह साधारण ८२,८०० झाले असते. म्हणजे माझा पर्याय सर्वांत स्वस्त नाही. पावणेतीन हजार रुपये जास्त देऊन आपण दुप्पट मेमरी, एसएसडी आणि विंडोजची सोय विकत घेता.

माल उतरवून घेताना पेटीच्या चकाकीकडे न पाहता चार गोष्टी तपासाव्यात. डिस्कचे आरोग्य दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम पेनड्राइव्हवर नेऊन चालवावा. त्यात डिस्क किती तास चालली आहे आणि आरोग्य किती टक्के आहे ते दिसते. ९० टक्क्यांखालचे नग बदलून मागावेत. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे; जुन्या कंपनीने घातलेला पासवर्ड तसाच असेल, तर पुढे लिनक्स बसवतानाही अडेल. वीज बंद करून दहा मिनिटांनी सुरू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसली, तर नाणे-बॅटरी संपली आहे. अ‍ॅडॉप्टर त्याच कंपनीचा आणि तेवढ्याच वॅटचा आहे ना, हेही पाहावे, कारण या छोट्या यंत्रांचे अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपसारखे असतात आणि बनावट अ‍ॅडॉप्टरवर ती अडखळतात.

पाचही यंत्रांची ऑर्डर एकदम देऊ नये. विक्रेत्याला पूर्ण पैसे देऊन एक संगणक आणावा, शाळेतल्या इन्व्हर्टरवर, शाळेतल्या मॉनिटरला जोडून, दुपारच्या वीज जाण्याच्या वेळेत आठवडाभर मुलांच्या हाती द्यावा आणि मग उरलेल्या चारांचे सांगावे. बिलावर प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची तारीख लिहून घ्यावी. शिल्लक राहिलेल्या ४,४५० रुपयांतून आधी वायरमनला बोलावून कक्षातले अर्थिंग तपासून घ्या. त्यातून काही उरले तर एक जादा एसएसडी कपाटात ठेवा. पहिले बिघडणार ते तेच.